हरकत नाही

सेशन्स केस उभी राहिली की सरकारी वकील आधी कागदांची यादी देतात, पंचनामे, पोस्टमॉर्टेम, सीए रिपोर्ट वगैरे, आणि आरोपीच्या वकिलाने प्रत्येक कागदापुढे कबूल की नाकबूल ते लिहून खाली सही करायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९४, नव्या कायद्यात ते ३३० झालंय. कबूल लिहिलं की कागदाला सरळ निशाणी पडते, म्हणजे पुराव्याचा नंबर मिळतो, तो शाबीत करायला साक्षीदार आणायची गरज राहत नाही. २०१३ ची गोष्ट, सनद मिळून मला जेमतेम तीन वर्षं झाली होती, विधी सेवा समितीकडून मिळालेली खुनाची केस होती, आणि सीए रिपोर्टच्या ओळीपुढे मी निळ्या पेनाने लिहिलं, 'हरकत नाही'.

त्या दोन शब्दांबद्दल मला लिहायचंय, बरीच वर्षं लिहायचंय. गाव आणि माणसांची नावं लिहीत नाही, ती त्यांची आहेत.

सीए रिपोर्ट म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट. आता अधिकृत नाव न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, मुख्यालय मुंबईत कालिन्याला आणि बाकी नागपूर, पुणे, संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर अशा लॅबा, पण आमच्या कोर्टात अजून इंग्रजांच्या काळातलंच नाव चालतं, 'सीए आला का?' असंच विचारतात. तो कागद दीड पानाचा असतो. कुठल्या पोलीस स्टेशनकडून किती सीलबंद पुडकी आली, सील शाबूत होतं का, आणि पुढे एक तक्ता. माझ्या त्या केसमध्ये तक्त्यात तीन ओळी महत्त्वाच्या होत्या: आरोपीच्या शर्टावर मानवी रक्त, गट बी. मयताचं बाटलीतलं रक्त, गट बी. आरोपीचं बाटलीतलं रक्त, निष्कर्ष निघत नाही.

तिसरी ओळ मी वाचली होती. वाचली होती आणि पुढे गेले होते. माझ्या अंगात तेव्हा एवढंच भिनलेलं होतं की पंच फोडायचे, तपास अधिकाऱ्याला वेळेवरून अडकवायचं, आणि सीए रिपोर्टशी कोणी भांडत नाही, तो सायन्सचा कागद आहे, त्यात काय विचारणार. सीनियर पण तेच सांगायचे आणि त्यांना त्यांच्या सीनियरने तेच सांगितलेलं. कायद्याने तसाही सरकारी शास्त्रज्ञाचा रिपोर्ट साक्षीदार न तपासता वाचता येतो, कलम २९३ खाली, पण त्याच कलमात पुढे असंही आहे की कोर्टाला योग्य वाटलं तर त्या तज्ज्ञाला बोलावून तपासता येतं, आणि तसा अर्ज मी दिला नाही, कारण बोलावून विचारू काय हेच मला माहीत नव्हतं. निकालपत्रात एक परिच्छेद आला की आरोपीच्या शर्टावर मयताच्या गटाचं रक्त मिळालं आणि त्याचा खुलासा आरोपीने दिला नाही, आणि हा रिपोर्ट बचाव पक्षाला मान्य आहे. जन्मठेप झाली. अपील दाखल झालं, ते दुसऱ्या वकिलांकडे गेलं, मी माझ्या पुढच्या बोर्डाला, म्हणजे रोजच्या केसच्या यादीला लागले.

२०१७ मध्ये परत तसंच. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, पँटवर रक्त, मयताचा गट बी आणि पँटवर बी. आमच्या शेजारी कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या एक मॅडम राहतात, संध्याकाळी मी ओट्यावर फाइल घेऊन बसले होते, त्या सहज म्हणाल्या बघू काय असतं त्यात, आणि दीड पान वाचून त्यांनी कागद उलटा केला, मागे काही आहे का बघायला. मागे कोरं होतं. "अगं, यात पद्धत कुठाय?" त्या म्हणाल्या. "कुठली टेस्ट केली, कशी केली, कंट्रोल काय ठेवला, हे न लिहिता उत्तर दिलं तर मी बीएस्सीच्या पोराला पण मार्क देत नाही." आणि मग, "आणि या तुझ्या माणसाचा स्वतःचा गट कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही आणि त्या क्षणी मला २०१३ ची तिसरी ओळ आठवली. जेवण गेलं नाही त्या रात्री.

बी गट आपल्याकडे ढोबळमानाने तीन माणसांत एकाचा असतो. म्हणजे भरलेल्या एसटीत पंधरा-वीस जण बी गटाचे निघतील. शर्टावरचं रक्त बी आहे एवढ्यावरून ते त्या मेलेल्या माणसाचं आहे असं होत नाही, फक्त एवढंच होतं की त्याचं असू शकतं, आणि आरोपी स्वतः बी असेल, शेतात काम करताना हात कापला असेल, तर त्या ओळीला काही अर्थच उरत नाही. यात सायन्स काहीच नाही खरं तर, साधा हिशोब आहे, पण तक्त्यात छापून, गोल शिक्का मारून आला की तो हिशोब आपण करत नाही.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधायला बसले. पहिले दोन आठवडे नुसते वाया गेले कारण मी 'फॉरेन्सिक' टाकायचे आणि कोर्सच्या जाहिराती यायच्या, नाहीतर सीरियलमधले सीन. शोधायचा शब्दच मला माहीत नव्हता, आणि खरी अडचण सगळ्या वकिलांची तीच आहे असं माझं मत झालंय. माहिती आहे, फुकट आहे, ढिगाने आहे, पण ती शास्त्रज्ञांच्या शब्दांखाली ठेवलेली आहे. आपण शोधतो रक्ताचा डाग, ते लिहितात 'ड्राइड ब्लडस्टेन एबीओ टायपिंग'. आपण शोधतो रिपोर्ट खोटा कसा पाडायचा, ते लिहितात 'व्हॅलिडेशन', 'एरर रेट', 'लिमिटेशन्स'. मॅडमनी मला टेस्टचं नाव दिलं, अॅब्सॉर्प्शन-इल्यूशन, आणि सांगितलं की गूगल स्कॉलरवर टेस्टच्या नावापुढे लिमिटेशन्स टाक आणि पेपर मिळाला की आधी निष्कर्ष वाचू नको, मेथड वाच. नुसत्या त्या एका वाक्याने माझं काम अर्धं झालं.

मग कळायला लागलं. वाळलेल्या डागाचा धागा घेतात, त्यावर अँटीसिरम टाकतात, म्हणजे ठरावीक गटालाच चिकटणाऱ्या अँटीबॉडी असलेला द्रव, त्यातली अँटीबॉडी डागाला चिकटते, जास्तीचं धुऊन काढतात, मग धागा गरम करून चिकटलेली अँटीबॉडी सोडवतात आणि त्यात माहीत असलेल्या गटाच्या तांबड्या पेशी टाकून गुठळ्या होतात का बघतात. पद्धत फार संवेदनशील आहे, अगदी थोड्या डागावर चालते, आणि तीच तिची अडचण पण आहे. कारण रक्तगटाचे पदार्थ नुसते रक्तात नसतात, साधारण ८० टक्के लोकांच्या लाळेत, घामात, बाकीच्या स्रावांतही ते उतरतात. म्हणजे घामेजलेल्या कपड्यावर गट निघाला तर तो डागाचा की घातलेल्या माणसाच्या घामाचा? म्हणून डाग नसलेल्या भागाचा एक तुकडा घेऊन त्याचीही तीच टेस्ट करायची असते, त्याला कंट्रोल म्हणतात. शिवाय कपडा ओला पुडक्यात बांधला, कुजला, बुरशी आली तर निकाल फसतो. बाटलीतलं रक्त खराब झालं तरी गट निघत नाही, 'निष्कर्ष निघत नाही' बहुतेक वेळा त्यातूनच येतं. हे सगळं चांगल्या पुस्तकांत दशकानुदशकं छापलेलं आहे. वाळलेल्या डागावरून गट काढायची पहिली पद्धत इटलीत लिओने लाटेसने १९१५ मध्ये बसवली. शंभर वर्षांची जुनी माहिती आणि मला सनद घेऊन सात वर्षं झाली तेव्हा ती भेटली.

आमच्या बार रूमच्या कपाटात मोदी आहे, म्हणजे न्यायवैद्यकावरचं मोदींचं जुनं पाठ्यपुस्तक, प्रत्येक बारच्या कपाटात असतोच, १९२० पासून आवृत्त्या निघतायत, पण आमच्याकडची प्रत इतकी जुनी की डीएनएचा धडाच नाही. तरी तिचा उपयोग झाला, डागाच्या प्रकरणातली भाषा कळली आणि तीच भाषा शोधताना कामाला आली.

त्या केसमध्ये मी अर्ज दिला, तज्ज्ञाला बोलवा आणि येताना बेंच नोट्स घेऊन या, म्हणजे टेस्ट करताना टेबलावर जी कच्ची नोंद होते ती वही. अर्ज द्यायला हात थरथरत होता खरंच. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की विनाकारण वेळकाढूपणा आहे, जजसाहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला नेमकं काय विचारायचंय?" आणि पहिल्यांदा मला त्याचं उत्तर येत होतं. अर्ज मंजूर झाला. चार तारखांनंतर तज्ज्ञ आले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ, एसटीने आले होते. मी विचारलं कंट्रोल तपासला का, ते म्हणाले प्रथेप्रमाणे तपासतो, मी म्हटलं नोंद दाखवा, त्यांनी वही चाळली आणि सरळ सांगितलं, या आर्टिकलची, म्हणजे त्या पँटची, तशी नोंद नाही. कपडा किती दिवसांनी लॅबला पोचला, तोवर कुठे होता, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. आरोपीचा गट त्यांच्याकडेही निघाला नव्हता. उलटतपासणी पंचवीस मिनिटं चालली, आवाज चढला नाही कोणाचा. बाहेर व्हरांड्यात मला ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत हे मला फार थोड्या वेळा विचारलंय कोणी, विचारायला पाहिजे." ते मला अजून ऐकू येतं.

तो माणूस सुटला. पण मी काही जिंकल्याची गोष्ट सांगत नाहीये, निकालपत्रात रक्ताच्या मुद्द्याला दोन ओळी होत्या, सुटला तो पंच फितूर झाल्यामुळे आणि जप्तीच्या पंचनाम्यातल्या घोळामुळे. तरी त्या दोन ओळी कोणाच्या तरी पुढच्या केसमध्ये वाचल्या जातील.

त्यानंतर मात्र मला सवयच लागली. अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचा २००९ चा रिपोर्ट, त्यांच्याच साइटवर पीडीएफ फुकट आहे, मी कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्यातला पाचवा चॅप्टर काढून घेतला कारण तीनशेच्या वर पानं आणि प्रिंटला दोन रुपये पान. त्या चॅप्टरमध्ये एकेक शाखा घेतलीय, ठसे, केस, दातांचे व्रण, बंदुकीच्या गोळ्या, हस्ताक्षर, आणि प्रत्येक ठिकाणी साधा प्रश्न विचारलाय की हे सिद्ध कशाने झालंय. डीएनए सोडलं तर कुठल्याच पद्धतीला एखाद्या खुणेवरून नेमकी एक व्यक्ती खात्रीने सांगता येते असं काटेकोरपणे दाखवलं गेलेलं नाही, असं त्यांनीच लिहिलंय, म्हणजे वकिलांनी नाही, शास्त्रज्ञांनी. मग सप्टेंबर २०१६ चा तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाचा रिपोर्ट, त्यात बोटांच्या ठशांबद्दल आकडा आहे. पद्धत पायाशुद्ध आहे म्हणतात, पण एफबीआयच्या अभ्यासावरून चुकीची जुळणी ३०६ मध्ये एक इतक्या वेळा होऊ शकते असंही म्हणतात. बोटाचे ठसे म्हणजे तर आपल्या देशाची देणगी, १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो निघालं, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं आणि नाव साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं. त्या ठशांना चुकीचं प्रमाण असू शकतं हा विचारच मी कधी केला नव्हता.

२००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटानंतर पिशवीवरचा एक ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या माणसाशी जुळवला, त्यांच्या अनुभवी तज्ज्ञांनी एकमेकांचं तपासून खात्री दिली, माणूस कोठडीत गेला, आणि स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचाच आहे हे दाखवलं तेव्हा सुटला. मेफिल्ड वकील होता. त्याची केस वाचताना मी किती वेळ तशीच बसले होते. तिथल्या न्याय खात्याने त्यावर २००६ मध्ये चौकशी अहवाल काढला, चूक कशी झाली ते पायरी पायरीने लिहून लोकांसमोर ठेवलं, कोणीही उतरवून घेऊन वाचावं. अशी आपल्याच चुकीची उघड चिरफाड मी आपल्याकडच्या कुठल्या लॅबची पाहिलेली नाही, आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

वाचायला सगळ्यात सोपं असं विचाराल तर लंडनच्या रॉयल सोसायटीने न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिका, डीएनएवरची २०१७ ची आहे, चालण्याच्या ढबीवरून ओळख पटवण्यावर एक आहे, २०२० ची स्टॅटिस्टिक्सवर आहे. इंग्रजी सरळ, चित्रं स्वच्छ. मी मराठी माध्यमातून शिकले, इंग्रजी पेपर वाचताना मला प्रत्येक पानाला वीस मिनिटं लागायची, पण या पुस्तिका मी दोन रविवारात संपवल्या. अमेरिकेच्या फेडरल जजांसाठी वैज्ञानिक पुराव्याचं एक जाडजूड संदर्भ मॅन्युअल आहे, तिसरी आवृत्ती २०११ ची, तेही फुकट, पण ते लागेल तेव्हा लागेल तेवढंच उघडायचं.

आपल्याकडचं काय, असं प्रत्येक ज्युनियर विचारतो, आणि बरोबर विचारतो. आपल्याकडे पण आहे, फक्त विखुरलेलं आहे. गृह मंत्रालयाखालच्या फॉरेन्सिक संचालनालयाची वेगवेगळ्या विभागांची वर्किंग मॅन्युअल्स पीडीएफमध्ये मिळतात, आणि माझ्या मते उलटतपासणीसाठी यापेक्षा चांगलं हत्यार नाही, कारण ते अमेरिकेचं नाही, सरकारचंच आहे, तुमच्याच मॅन्युअलमध्ये असं करा लिहिलंय, तुम्ही केलं का, एवढाच प्रश्न. एनएबीएल, म्हणजे लॅबांना मान्यता देणारी संस्था, तिच्या साइटवर लॅबचं मान्यतेचं सर्टिफिकेट बघता येतं आणि त्याच्या पुढे व्याप्ती असते, म्हणजे कुठकुठल्या टेस्टसाठी मान्यता आहे, ती नीट बघायची, लॅबला मान्यता आहे याचा अर्थ तुमच्या केसमधल्या टेस्टला आहे असा होत नाही. ई-पीजी पाठशाला या सरकारी शिक्षणाच्या साइटवर फॉरेन्सिक सायन्सचे एमएस्सीचे धडे आहेत. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या प्रोजेक्ट ३९ए ने देशातल्या लॅबांची माहिती गोळा करून अहवाल काढला, त्यात जवळपास ४० टक्के मंजूर पदं रिकामी दिसतात. तो वाचला की एसटीने आलेल्या त्या तज्ज्ञांच्या टेबलावर किती पुडकी साचत असतील याचा अंदाज येतो आणि त्यांच्यावर राग राहत नाही.

निकाल शोधायला इंडियन कानून ही साइट आहेच, आणि २०२३ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालांचे अधिकृत रिपोर्टही कोर्टाच्याच ई-एससीआरवर फुकट. तज्ज्ञाचं काम मत देणं नाही तर मत ज्यावर उभं आहे ते कोर्टासमोर ठेवणं, हे १९९९ च्या हिमाचलच्या जय लाल केसमध्ये आणि २००९ च्या रमेशचंद्र अग्रवाल केसमध्ये स्वच्छ लिहिलंय. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटचा २०२० चा मोठा निकाल तर आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, तो इथे प्रत्येकाला पाठ आहे म्हणून त्यावर लिहीत नाही.

पण नोव्हेंबर २०२२ च्या छावला केसच्या निकालाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. दिल्लीची एकोणीस वर्षांची मुलगी, २०१२ मध्ये उचलून नेली, अत्याचार करून मारली. खालच्या दोन्ही कोर्टांनी फाशी दिली, सुप्रीम कोर्टाने तिघांना सोडलं. कारणांत एक कारण असं की डीएनएचा रिपोर्ट कशावर आधारलाय, तज्ज्ञाने पद्धत नीट वापरली का, हे ट्रायल कोर्टाने पण बघितलं नाही आणि हायकोर्टाने पण नाही. मी बचावाची वकील आहे आणि मी बाई पण आहे, आणि तो निकाल मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा वाचताना मला त्या मुलीचे आईवडील दिसत होते. पद्धतीबद्दलचे प्रश्न खालच्याच कोर्टात, सरकारी वकिलांनीच तज्ज्ञाला विचारले असते, नमुने किती दिवस कुठे पडून होते ते तेव्हाच रेकॉर्डवर घेतलं असतं, तर दहा वर्षांनी ते सगळं असं उघडं पडलं नसतं. म्हणून मला लोक म्हणतात ना की तू आरोपी सोडवायला वाचतेस, ते मला लागतं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कट्टवेल्लई केसमध्ये डीएनएच्या नमुन्यांसाठी देशभर सूचना दिल्यात, घेतल्यापासून ४८ तासांच्या आत लॅबला पोचवायचे, उशीर झाला तर कारण लिहायचं, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले त्याचं रजिस्टर शेवटपर्यंत ठेवायचं. हे सरकारी वकिलांनी माझ्याआधी वाचायला पाहिजे.

कोर्टात परदेशी कागद काढला की पहिलं वाक्य येतं, हे अमेरिकेचं आहे, इथे कसं लागू. सुरवातीला मी गडबडायचे. मग कळलं की शास्त्राच्या बाबतीत संदर्भग्रंथ बघायची मुभा कोर्टाला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ५७ मध्येच होती, आता साक्ष अधिनियमात ५२ मध्ये आहे. पण कागद युक्तिवादाच्या दिवशी पिशवीतून काढून चालत नाही, तो तज्ज्ञ पिंजऱ्यात असताना त्याच्या समोर ठेवायचा, उतारा वाचून दाखवायचा, पटतो का विचारायचं आणि त्याला उत्तर द्यायला पूर्ण वाव द्यायचा. बऱ्याचदा तो पटतो म्हणतो, कारण तो त्याचाच विषय असतो. मग तो अमेरिकेचा राहत नाही, साक्षीत येतो.

पेपरला पैसे मागितले तर लगेच हात टेकू नका, स्कॉलरवर उजव्या बाजूला पीडीएफची लिंक असते, नाहीतर सगळ्या आवृत्त्या बघायच्या, एखादी फुकट निघते, आणि नाहीच निघाली तर लेखकाला मेल करायचा. मी पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की मी भारतातल्या छोट्या गावातली वकील आहे, दुसऱ्या दिवशी पेपर आला आणि सोबत अजून दोन. आणि आता एआयला विचारायची सोय आलीय, ज्युनियर पोरं सर्रास विचारतात, त्याने शब्द शोधायला मदत होते हे खरं, पण त्याने दिलेला एकही निकाल किंवा पेपर मूळ उघडून वाचल्याशिवाय कोर्टात नेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि ५००० डॉलर दंड भरला. दंडाचं सोडा, पक्षकाराचं काय झालं असेल.

मराठीत मात्र काही नाही हो. म्हणजे पुस्तकं आहेत, कलमं आहेत, पण कंट्रोल म्हणजे काय आणि तो का विचारायचा हे तालुक्याच्या वकिलाला मराठीत समजावणारं दहा पानांचं काही मला सापडलं नाही, म्हणून मी स्वतःच वहीत लिहीत गेले, आता तिसरी वही चाललीय. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची टीम जागेवर गेलीच पाहिजे, राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत प्रत्येक तालुक्याच्या बोर्डावर असे दीड पानांचे रिपोर्ट कितीतरी पट वाढणार. परवा आमच्या नव्या एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील मॅडम वही झेरॉक्सला घेऊन गेल्या, त्यांच्याच एका केसमध्ये मी समोर आहे, तरी दिली.

आता राहिलं २०१३ चं. ऊसतोडवाल्याची केस संपल्यावर, २०१८ च्या उन्हाळ्यात, मी त्या पहिल्या आरोपीच्या घरी गेले. त्याची आई आणि थोरला भाऊ होते. मी विचारलं याचा रक्तगट कधी कुठे काढला होता का, दवाखान्यात वगैरे. भाऊ म्हणाला माहीत नाही, आई उठली, आत गेली आणि पत्र्याची पेटी उघडून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, त्यात रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आणि गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिरात मिळालेलं कार्ड. २०१० चं. गट बी पॉझिटिव्ह. "हे पायजे होतं का ताई?" तिने विचारलं. "आधी मागितलं असतंत तर दिलं असतं की."

ते कार्ड मी अपिलाच्या वकिलांना नेऊन दिलं. ते चांगले आहेत, त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, फक्त म्हणाले हे रेकॉर्डवर नाही, तज्ज्ञाला कंट्रोलचं विचारलेलं नाही, रिपोर्ट तर कबूल आहे, अपिलात नवीन पुरावा घ्या म्हणून कलम ३९१ खाली अर्ज द्यावा लागेल आणि आधी का आणलं नाही ते सांगावं लागेल. मी म्हटलं सांगते. अर्ज दिलाय, अपिलाच्या सुनावणीसोबत ऐकू असा हुकूम झालाय, सुनावणी अजून व्हायचीय. त्या अर्जाला माझं प्रतिज्ञापत्र जोडलंय, पान दीडच भरलं, त्यात लिहिलंय की सदर रिपोर्टमधली आरोपीच्या रक्तगटाची नोंद मी वाचली होती, तिचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता, आरोपीला किंवा त्याच्या घरच्यांना मी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि 'हरकत नाही' हे अक्षर माझं आहे.